राज्यकर्त्यांचें सख्य

शेजारच्या राष्ट्रांचे प्रमुख एकत्र जमले, मेजवान्या झडल्या, छायाचित्रें निघालीं आणि शेवटीं एक जाहीरनामा प्रसिद्ध झाला, कीं आमच्याकडील सुशिक्षितांस मोठें समाधान वाटतें. त्या जाहीरनाम्यांत ‘कायद्याचें राज्य’, ‘लोकशाही’ आणि ‘मानवी हक्क’ हे तीन शब्द असले म्हणजे तर विचारावयासच नको! जग एक पायरी वर चढलें असें अग्रलेखांतून सांगण्यांत येतें, व आपण सकाळच्या चहाबरोबर तेंहि घशाखालीं उतरवितों. आमचें मत याहून निराळें आहे, आणि तें आम्ही आरंभींच सांगून टाकतों. सरकारांचें एकमेकांशीं सख्य जमलें म्हणजे प्रजेचें कल्याण होतेंच असें नाहीं. पुष्कळ वेळां तें सख्य प्रजेच्या जिवावरच जमलेलें असतें. न्याय आणि लोकशाही यांचें नांव घेऊन निघालेल्या कोणत्याहि राष्ट्रसमूहाची पारख करण्यास आमच्या मतें एक प्रश्न पुरे आहे. त्या समूहाच्या दारांत उभें राहून एखाद्या सामान्य माणसास स्वतःच्या सरकारावर फिर्याद करतां येते कीं नाहीं? येत नसेल, तर त्या समूहास राज्यकर्त्यांची पंगत म्हणावें. न्यायाचें नांव त्यास देऊं नये.

ही कसोटी आम्ही तर्कशास्त्राच्या पुस्तकांतून काढलेली नाहीं. आफ्रिकेच्या दक्षिण भागांत या शतकाच्या आरंभीं एक प्रकरण घडून गेलें आहे. त्याचा इतिहास वाचला म्हणजे हा प्रश्न विचारणें कां अवश्य आहे तें कोणासहि कळेल.

१७ ऑगस्ट १९९२ रोजीं नामिबियाच्या राजधानींत, विंडहुक येथें, दक्षिण आफ्रिकी विकास-संघाचा करार झाला. आज या संघांत १६ राष्ट्रें आहेत. मानवी हक्क, लोकशाही आणि कायद्याचें राज्य हीं संघाचीं तत्त्वें होत, असें कराराच्या चौथ्या कलमांत लिहिलेलें आहे. एका न्यायाधिकरणाची योजनाहि करारांतच होती. त्याची सनद २००० सालीं ठरली आणि २००५ च्या नोव्हेंबरांत विंडहुक येथें न्यायाधीशांचा शपथविधि झाला. या सनदेची थोरवी अशी कीं, राष्ट्राराष्ट्रांतील तंट्यांबरोबरच, स्वदेशांतील न्यायाचे सर्व मार्ग संपलेल्या व्यक्तीनें आपल्या सरकाराविरुद्ध आणलेली फिर्याद ऐकण्याचाहि अधिकार तीत दिलेला होता. निकाल अंतिम व बंधनकारक राहावयाचा होता. कागदावर याहून अधिक काय पाहिजे?

कागदाची परीक्षा लवकरच झाली. झिंबाब्वेच्या सरकारनें २००५ सालीं आपल्या राज्यघटनेंत सतरावी दुरुस्ती केली. सरकारनें ताब्यांत घेतलेल्या शेतजमिनीच्या मालकास त्या ताब्याविरुद्ध कोणत्याहि न्यायालयांत जातां येऊं नये, अशी तजवीज त्या दुरुस्तीनें झाली. जमीन तर गेलीच. पण ती गेली म्हणून दाद मागावयाची जागाहि गेली. चेगुटू भागांत माउंट कार्मेल नांवाचें शेत करणारा माइक कॅम्पबेल हा गोरा शेतकरी २००७ च्या ऑक्टोबरांत विंडहुकच्या न्यायाधिकरणाकडे गेला. मागाहून आणखी ७७ शेतकरी त्याला येऊन मिळाले. निकाल लागेपर्यंत त्यास शेतावरून हुसकूं नये, असा अंतरिम हुकूम डिसेंबरांत झाला. त्या हुकमाचें उत्तर २००८ च्या जूनअखेर मिळालें. पंचाहत्तरीच्या घरांतील हा म्हातारा, त्याची पत्नी आणि जांवई यांस शेतावरून पळवून नेऊन बेदम मारण्यांत आलें. फिर्याद मागें घ्यावी, एवढेंच मारणारांचें म्हणणें होतें. फिर्याद मागें घेतली गेली नाहीं.

२८ नोव्हेंबर २००८ रोजीं निकाल लागला. अर्जदारांस न्यायालयाचें दार बंद करून झिंबाब्वेनें संघाच्या कराराचा भंग केला आहे, याविषयीं पांचहि न्यायाधीशांचें एकमत होतें. वर्णभेदाच्या मुद्द्यावर मात्र चारांस एक असें मत पडलें. भरपाई द्यावी, हेंहि एकमतानें ठरलें. झिंबाब्वेनें निकाल मानला नाहीं. तेथील हायकोर्टानें २०१० च्या जानेवारींत हा निकाल देशांत लागू करण्याचें नाकारलें. सनदेप्रमाणें अशा अवज्ञेचा मामला संघाच्या राष्ट्रप्रमुखांपुढें जावयाचा असतो, त्याप्रमाणें तो गेला. आतां शेजारी राज्यकर्ते आपल्या भावास चार शब्द सुनावतील, अशी कोणाची समजूत असेल तर ती फोल ठरली. २०१० च्या ऑगस्टांत त्याच विंडहुक शहरीं भरलेल्या बैठकींत राष्ट्रप्रमुखांनीं निकाल मोडणाऱ्या सरकारास हात लावला नाहीं. न्यायाधिकरणाचेंच काम थांबविलें! मुदत संपलेल्या न्यायाधीशांस पुन्हां नेमावयाचें नाहीं, असें ठरलें. २०११ च्या एप्रिलांत कॅम्पबेल वारला. २०१२ सालीं मापुटो येथें असें ठरलें कीं, यापुढें न्यायाधिकरणानें फक्त राष्ट्राराष्ट्रांतील तंटे ऐकावेत. आणि २०१४ च्या ऑगस्टांत तशी नवी सनद स्वीकारण्यांत आली. माणसास दार बंद झालें. आणि सरकारें तर एकमेकांवर फिर्याद करावयास सहसा धजत नाहींत. कारण आज दुसऱ्याचें उघडें पाडलें तर उद्यां आपलें झांकणार कोण? कुंपणानेंच शेत खाल्लें, दुसरें काय!

या कृत्याच्या समर्थनार्थ जे युक्तिवाद करण्यांत येतात, ते आतां एक एक घेऊं. पहिला युक्तिवाद भावनेस भिडणारा आहे. तो असा कीं, ज्यांनीं काळ्या रयतेच्या सुपीक जमिनी बळकावल्या त्या गोऱ्यांचा कैवार या न्यायाधिकरणानें घेतला. तें बुडालें यांत वाईट काय झालें? आम्हीहि गोऱ्यांचें राज्य सोसलेले लोक आहों. या म्हणण्यांतील दुःख आम्हांस परकें नाहीं. १९३० च्या कायद्यानें त्या देशाची निम्म्याच्या आसपास जमीन मूठभर गोऱ्यांकडे गेली, हा उघड अन्याय होता आणि १९८० सालीं स्वतंत्र झालेल्या राष्ट्रानें तो दूर करणें अवश्यच होतें. परंतु न्यायाधिकरणानें याला हरकत कोठें घेतली होती? निकालांतच असें म्हटलेलें आहे कीं, जमीनवाटपाचे नियम वाजवी असते, योग्य भरपाई दिली असती आणि जमीन खरोखरीच गरीब, भूमिहीन लोकांस मिळाली असती, तर या वागणुकीस वर्णभेद म्हणतां आलें नसतें. आणि कॅम्पबेलचें शेत कोणास नेमून देण्यांत आलें होतें? सत्ताधारी पक्षाच्या एका माजी मंत्र्यास! आमच्या इकडे कूळकायद्यांत जमिनी गेलेलीं घराणीं वाचकवर्गांत पुष्कळ असतील, व त्यांच्या मनांतील सल अजून गेला नसेल. परंतु त्यांनींच सांगावें, त्यांच्या जमिनी कसणाऱ्या कुळांच्या नांवें चढल्या, कीं मुंबईच्या मंत्र्यांच्या?

शिवाय हें न्यायाधिकरण केवळ गोऱ्यांचें होतें, हेंहि खोटें आहे. ल्यूक टेंबानी हा काळा झिंबाब्वेवासी शेतकरी. कर्जाच्या वादांत सरकारी शेती-बँकेनें न्यायालयाची पायरी न चढतां त्याचें शेत परस्पर विकलें. २००९ च्या ऑगस्टांत न्यायाधिकरणानें त्याच्या बाजूनें निकाल दिला. यापुढचें उदाहरण तर अधिकच बोलकें आहे. पोलिस व सैनिक यांच्या हातून मार खाल्लेल्या कांहीं झिंबाब्वेवासीयांस त्यांच्याच देशांतील न्यायालयांनीं भरपाई मंजूर केली होती. परंतु सरकारी मालमत्तेवर जप्ती आणतां येत नाहीं असा कायदा असल्यामुळें ती त्यांच्या हातीं पडेना. हे लोकहि विंडहुकला गेले आणि २०१० च्या डिसेंबरांत तेथेंहि जिंकले. तोंवर त्या न्यायाधिकरणाच्या गळ्यास फांस लागून चार महिने झाले होते. दार बंद झालें तें या मार खाल्लेल्या काळ्या माणसांसहि बंद झालें. गोऱ्यांचा कैवार म्हणून ओरडणारांनीं या माणसांचें नांवहि कधीं घेतलें नाहीं.

दुसरा युक्तिवाद कायदेपंडितांचा आहे. सनदेस पुरेशा राष्ट्रांनीं रीतसर मान्यता दिलीच नव्हती, म्हणून न्यायाधिकरणाचा अधिकारच नव्हता, असें झिंबाब्वेनें निकाल विरुद्ध गेल्यावर म्हणण्यास सुरुवात केली. हा शोध त्यांस फार उशिरां लागला! शपथ घेतलेल्या न्यायाधीशांत झिंबाब्वेचीहि एक न्यायाधीश होती. त्या सरकारचे वकील न्यायाधिकरणापुढें उभे राहून वादहि करून गेले होते. पुढें संघानेंच या शंकेची तपासणी केंब्रिज विद्यापीठांतील एका विधिज्ञाकडे सोंपविली, तेव्हां न्यायाधिकरणाची स्थापना कायदेशीर आहे असाच अभिप्राय त्यानें दिला. राष्ट्रप्रमुखांनीं तो ऐकला आणि करावयाचें होतें तेंच केलें.

तिसरा युक्तिवाद सर्वांत जुना आणि सर्वांत फसवा आहे; तो म्हणजे सार्वभौमत्वाचा. आमच्या घरांत बाहेरच्यानें नाक खुपसूं नये, असा त्याचा मथितार्थ. आम्ही विचारतों, हें सार्वभौमत्व कोणाचें? प्रजेचें असेल, तर प्रजेपैकीं एकानें आपणहून बाहेरच्या न्यायाधीशाकडे गाऱ्हाणें नेलें असतां प्रजेचें सार्वभौमत्व कसें भंग पावतें? आणि राज्यकर्त्यांचें असेल, तर त्यांनीं लोकशाहीचें नांव टाकून द्यावें. आमची तक्रार राहणार नाहीं. शिवाय करारावर सही करणें हेंहि सार्वभौम राष्ट्राचेंच कृत्य असतें. सही करतांना सार्वभौम आणि शब्द पाळतांना मात्र पराधीन, हा न्याय कोठला?

येथें आम्हांस आपल्या इतिहासांतील एका प्रसंगाची आठवण होते. नारायणराव पेशव्यांचा १७७३ सालीं खून झाल्यावर रामशास्त्री प्रभुण्यांनीं राघोबादादांस तोंडावर दोषी ठरविलें, ही कथा महाराष्ट्रांत मुलांच्या तोंडीं आहे आणि शास्त्रीबोवांच्या बाणेदारपणाचें आपण कौतुक करतों. तें योग्यच आहे. परंतु त्या कथेचा दुसरा भाग आपण विसरतों. शास्त्रीबोवांच्या शब्दांस हातपाय फुटले ते बारभाईंमुळें. नाना फडणीस, सखारामबापू प्रभृति मुत्सद्दी एकत्र आले, राघोबाच्या बाजूस न बसतां त्याच्या विरुद्ध उभे राहिले आणि त्यांनीं त्याची गादी काढून घेतली. राज्यकर्त्यांच्या भोवतालचे लोक निकालाच्या बाजूस उभे राहतात कीं निकाल मोडणाराच्या, यावर न्यायाचें जगणें-मरणें अवलंबून असतें. विंडहुकच्या बैठकींत बारभाई जमले खरे. परंतु ते राघोबाच्या मांडीस मांडी लावून बसले आणि त्यांनीं रामशास्त्र्यांचीच जागा खालसा केली.

असें सर्वत्रच होतें, म्हणून हळहळण्यांत अर्थ नाहीं, असें कोणी म्हणेल तर तेंहि खरें नाहीं. त्याच २००८ सालीं, कॅम्पबेलच्या निकालाच्या एकच महिना आधीं, पश्चिम आफ्रिकेंतील राष्ट्रसमूहाच्या न्यायालयानें हदिजातू मानी या स्त्रीची फिर्याद निकालांत काढली. बारा वर्षांची असतांना तिला गुलाम म्हणून विकण्यांत आलें होतें. नायजर सरकारनें तिचें रक्षण करण्यांत कसूर केली असें ठरवून न्यायालयानें एक कोट फ्रँक भरपाईचा हुकूम केला. आणि नायजरनें ती रक्कम दिली. त्याच वर्षीं त्याच न्यायालयानें गांबियांत नाहींशा झालेल्या एका पत्रकाराच्या प्रकरणीं त्या सरकारास दोषी धरलें. गांबियानें मग २००९ सालीं न्यायालयाचे अधिकार छाटण्याची सूचना आणली. शेजाऱ्यांनीं ती फेंटाळून लावली. आफ्रिका तीच, काळ तोच. भेद पडला तो शेजारी कोणाच्या बाजूस उभे राहिले यामुळें. पुढें लष्करी सत्ता आलेलीं माली, बुर्किना फासो व नायजर हीं तीन राष्ट्रें २०२५ च्या जानेवारींत त्या समूहांतून बाहेर पडलीं, हें आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. उलट, बंदुकीच्या बळावर राज्य मिळविणारांस असा समूह नकोसा व्हावा, हें त्या समूहाच्या बऱ्यापणाचेंच प्रमाणपत्र आहे.

दक्षिणेंतहि सारेंच विझलें नाहीं. दक्षिण आफ्रिकेच्या घटना-न्यायालयानें २०१३ सालीं न्यायाधिकरणाच्या खर्चवसुलीचा हुकूम आपल्या देशांत लागू केला, आणि २०१५ सालीं झिंबाब्वे सरकारचें केप टाउन येथील एक घर लिलावांत विकलें गेलें. ११ डिसेंबर २०१८ रोजीं त्याच न्यायालयानें आपल्याच राष्ट्राध्यक्षाचा या प्रकरणांतील भाग घटनाविरुद्ध, बेकायदा व अविवेकी ठरविला आणि नव्या सनदेवरील सही काढून घेण्यास सांगितलें. परदेशांत जाऊन प्रजेचा हक्क परस्पर विकून येण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षास नाहीं, हा त्या निकालाचा अर्थ. झिंबाब्वेच्या सरकारनेंहि २०२० सालीं शेतकऱ्यांस साडेतीनशें कोट डॉलर देण्याचा करार केला, तोहि जमिनीबद्दल नव्हे, जमिनीवरील सुधारणांबद्दल. जें अखेर तोंडानें कबूल करावें लागलें तें बारा वर्षांपूर्वीं न्यायाधीशांच्या सांगण्यावरून केलें असतें, तर किती घरें वांचलीं असतीं!

आतां आपल्या घराकडे वळूं. कारण दुसऱ्याच्या घरांतील केर दाखविणाऱ्यानें आपली ओसरीहि पाहिली पाहिजे. ८ डिसेंबर १९८५ रोजीं ढाका येथें सात राष्ट्रांनीं ‘सार्क’ची सनद केली, पुढें अफगाणिस्तान आठवें झालें. तिच्या दहाव्या कलमांत स्पष्ट लिहिलें आहे कीं, निर्णय एकमतानें व्हावेत आणि दोघांतील व वादग्रस्त प्रश्न चर्चेंतून वगळावेत. दक्षिण आफ्रिकेच्या राज्यकर्त्यांनीं न्यायालय बांधून मग पाडलें. आमच्या राज्यकर्त्यांनीं तें बांधावयाचेंच नाहीं असा शहाणपणा पहिल्या दिवशींच केला! लोकशाहीची एक सनद या समूहानें २०११ सालीं स्वीकारली खरी. परंतु ती मोडली असतां कोणीं कोणाकडे जावें, याचा तींत पत्ता नाहीं. २०१४ च्या काठमांडूनंतर राष्ट्रप्रमुखांची परिषदहि भरलेली नाहीं. युरोप, अमेरिका आणि आफ्रिका या तीन खंडांत मानवी हक्कांचें प्रादेशिक न्यायालय आहे. आशिया खंडांत असें एकहि नाहीं.

यावर आमचे विद्वान् मित्र म्हणतील, आमच्या येथें समर्थ सर्वोच्च न्यायालय आहे. आम्हांस बाहेरच्या दाराची गरज काय? या मित्रांस आम्ही २८ एप्रिल १९७६ या तारखेची आठवण देतों. आणीबाणींत पकडलेल्या माणसास आपली अटक बेकायदा आहे असें सांगण्यासाठीं कोणत्याहि हायकोर्टांत जातां येणार नाहीं, असा निकाल त्या दिवशीं आमच्या सर्वोच्च न्यायालयानें चारांस एक मतानें दिला. विरुद्ध मत देणारे एकटे हंसराज खन्ना. बहुमतांत महाराष्ट्राचे यशवंतराव चंद्रचूड होते. तो निकाल चुकीचा होता, असें २०१७ च्या ऑगस्टांत त्याच न्यायालयानें ठरविलें आणि तसें लिहिणारांत यशवंतरावांचेच चिरंजीव होते. चूक सुधारली, ही अभिमानाची गोष्ट; परंतु मध्यें ४१ वर्षें गेलीं. त्या दिवशीं तुरुंगांत असलेल्या माणसानें कोणाचें दार ठोठवावयाचें होतें? कॅम्पबेलला निदान विंडहुक होतें. नाशिकच्या किंवा येरवड्याच्या कोठडींतील मराठी माणसास जगाच्या पाठीवर एकहि दार नव्हतें. घरचें न्यायालय कितीहि थोर असो, ज्या रात्रीं तें झोंपीं जातें त्या रात्रीसाठीं शेजारचा एक दिवा जळत असावा, एवढेंच आमचें मागणें आहे.

तें दार केवळ उघडून भागणार नाहीं; तें राज्यकर्त्यांस बंद करतां येऊं नये, हीहि तजवीज पाहिजे. न्यायाधीशांची नेमणूक व मुदत राष्ट्रप्रमुखांच्या मर्जीवर ठेवूं नये. न्यायालयाचा अधिकार कमी करावयाचा असेल तर प्रत्येक राष्ट्राच्या कायदेमंडळांत उघड चर्चा होऊन मत पडल्याशिवाय तो कमी होऊं नये. आणि निकाल मोडणाऱ्या सरकारास, निकालाचा मामला चालू असेतों, त्या बैठकींत मत नसावें. कारण आरोपीच पंच झाला म्हणजे पंचांच्या मुखीं परमेश्वर राहत नाहीं. या तीन गोष्टी ज्या सनदेंत नाहींत ती सनद कितीहि गोड भाषेंत लिहिलेली असो, तिच्यावर प्रजेनें विश्वास ठेवण्याचें कारण नाहीं.

राज्यकर्ते हें आपणहून करतील, अशी आशा आम्ही बाळगीत नाहीं. आपल्याच गळ्यासाठीं दोर वळणारा राज्यकर्ता इतिहासांत विरळा. हें काम त्यांच्याकडून करवून घ्यावें लागतें आणि करवून घेणारा वर्ग म्हणजे तुम्ही-आम्हीच, वर्तमानपत्र वाचणारे, मत देणारे, मुलांस नागरिकशास्त्र शिकविणारे लोक. यापुढें एखाद्या परिषदेचें छायाचित्र पाहाल, हातांत हात घेऊन उभे असलेले ते हंसतमुख पुढारी पाहाल, तेव्हां त्यांच्या सख्याचें कौतुक करण्यापूर्वीं जाहीरनाम्यांत एवढेंच शोधा, कीं या सर्वांविरुद्ध फिर्याद घेऊन आलेल्या एकट्या माणसास बसावयास खुर्ची कोठें ठेवली आहे.